स्वामींच्या कमरेवर माझा पाय

माझी आई सांगायची, की सुईणीला माझं पहिलं दर्शन घडलं ते डाव्या पायाचं. मग उजवा आला, आणि ज्या डोक्यावर घरच्यांनी पुढे एवढा भरवसा टाकला ते सगळ्यात शेवटी, तेही बरीच ओढाताण झाल्यावर. अशा माणसाला आमच्याकडे पायाळू म्हणतात. पायाळूवर वीज पडते अशी समजूत आहे, म्हणून आभाळ गरजायला लागलं की मला कोणी झाडाखाली शेजारी उभं राहू देत नसे. पायाळूचा पाय लागला की धरलेली कमर सुटते, अशीही समजूत आहे, म्हणून आभाळ निवळलं की तीच माणसं माझ्या दारात येऊन पालथी पडत.

निजामाच्या अमदानीत, पोलीस ॲक्शनच्या आधीची काही वर्षं, मी परभणी जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली जी म्हातारी माणसं अजून आहेत त्यातल्या निम्म्यांना मी लाथ घातलेली आहे, आणि त्यांची नातवंडं आता चांगल्या हुद्द्यांवर आहेत.

कंपाउंडर म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगायला हवं. डॉक्टर चिठ्ठी लिहिणार, ती भिंतीतल्या छोट्या खिडकीतून माझ्याकडे येणार, आणि मी मोठाल्या बरण्यांमधलं औषध मापून, त्यात पाणी घालून मिक्श्चर करणार. बाटली रोग्याने घरून आणायची. तिला कधी करडीच्या तेलाचा वास यायचा, कधी रॉकेलचा. बाटलीवर मी कागदाची एक पट्टी चिकटवायचो. तिच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या असायच्या, आणि एक खाच म्हणजे एक डोस. या खाचा मी फार सुबक पाडायचो. माझं वैद्यकीय ज्ञान जवळपास तिथेच संपायचं, पण अंगात पांढरा कोट असला आणि खिडकीच्या आतल्या बाजूला उभं राहायला मिळालं, की माणसाला आपण अर्धे डॉक्टर झालो असं वाटू लागतं. मला तर पाऊण वाटायचं.

लोकांना तसं वाटत नसे. खिडकीशी येऊन ते म्हणायचे, "बसआप्पा, औषध ऱ्हाऊ द्या वो. पाय कवा लावता ते सांगा."

पाय लावायची रीत ठरलेली होती. रविवार नाहीतर मंगळवार, सकाळची वेळ, रोगी आणि मी दोघेही उपाशी. रोग्याने उंबऱ्यावर पालथं पडायचं आणि मी डाव्या पायाची टाच दुखऱ्या जागी सात वेळा टेकवायची. नुसती टेकवायची, मारायची नाही. पण लोकांचं तेवढ्यावर भागत नसे. "आप्पा, लागल्यावानी वाटलं न्हाई. जरा नेट लावा की!" अशी खालून मागणी यायची. मी लिंबाच्या काडीएवढा बारीक माणूस. नेट लावताना तोल जाऊन एक-दोनदा रोग्याच्या अंगावरच बसलो आहे. तेही बरे झाले.

दवाखान्यावर नवे डॉक्टर आले ते हैदराबादचे. उंच, गोरे, शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेले, बोलणं दख्खनी. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात मंगळवारी सकाळी ते वेळेआधी दवाखान्यात पोचले, आणि त्यांना दिसलं की आपला कंपाउंडर झरीच्या पटवाऱ्यांच्या कमरेवर पाय देऊन उभा आहे आणि पटवारी विव्हळतायत. झरीचे पटवारी म्हणजे त्या गावाचा सगळा जमीनमहसूल ज्यांच्या बस्त्यात बांधलेला असे ते गृहस्थ.

"अरे छोड़ उनको! कायकू मार रहा?" डॉक्टर ओरडले.

पालथ्या पटवाऱ्यांनी मान वळवून अदबीने सलाम केला आणि म्हणाले, "साहेब, मारायला न्हाई. इलाज करायलाय. दोन ऱ्हायल्यात, तेवढ्या होऊ द्या."

डॉक्टरांनी उरलेल्या दोन होऊ दिल्या. हे मी त्यांचं मोठेपण समजतो. मग पटवाऱ्यांना आत नेऊन टेबलावर उताणं झोपवलं, गुडघा सरळ ठेवून त्यांचा दुखरा पाय टाचेपाशी धरला आणि हळूहळू वर उचलला. पाय वीतभर वर गेला नाही तोच पटवाऱ्यांनी अशी आरोळी ठोकली की बाहेरच्या रोग्यांपैकी दोघे घरी निघून गेले.

त्या दिवशी दुपारी साहेबांनी मला समोर बसवून घेतलं आणि जे शिकवलं ते मी जन्मभर लोकांना सांगत आलो आहे, म्हणून इथेही सांगतो. नुसती कमर धरते, वाकता येत नाही, चार दिवसांत सुटते, ती उसण. पण कळ कमरेतून किंवा ढुंगणातून निघून मांडीच्या मागून पोटरीत आणि पार पावलापर्यंत उतरत असेल, खोकलं-शिंकलं की चमकत असेल, तर ते दुखणं वेगळं. कमरेच्या मणक्यांमधून नसा निघतात, त्यांची मिळून एक अंगठ्याएवढी जाड नस होते आणि ती पायात उतरते. तिच्या मुळाशी दाब आला की ठणका पायात लागतो. माणूस पाय चोळत बसतो, आणि चोर बसलेला असतो कमरेत. हकीम याला अर्कुन्निसा म्हणायचे, वैद्य गृध्रसी म्हणायचे, आमचे लोक "वात पायात उतरलाय" म्हणायचे, आणि आता सगळे सायटिका म्हणतात. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते, ती सरकून नसेला टेकते, हेही आता शाळेतल्या पोरांना ठाऊक असतं. आम्हाला तेव्हा त्यातलं फारसं ठाऊक नव्हतं. साहेबांचा इलाज साधा होता. काही दिवस सपाट फळीवर निजणं, मिठाच्या पुरचुंडीने शेक, ओझं अजिबात न उचलणं, आणि ठणका ओसरला की थोडं थोडं चालणं.

पटवारी महिन्या-दीड महिन्यात ठणठणीत झाले. ताडकळसच्या बाजारात उभं राहून त्यांनी गर्दीला सांगितलं, की हैदराबादी डॉक्टरने फळीवर निजवून हाडं दुखवली, पण बसआप्पाच्या पायाने वाचलो.

मी हे फुशारकीने साहेबांच्या कानावर घातलं. ते हसले. म्हणाले, "बसआप्पा, ये बीमारी अक्सर आप ही आप उतरती. आदमी आता कब? दर्द एकदम चढा रहता तब. उसके बाद उतरनाच है. तू लात मार, हकीम लेप लगाए, मैं मिक्श्चर दूँ... जो आखिर में हाथ लगाया, उसका नाम."

माझ्या नावलौकिकाचं असं चार-पाच वाक्यांत पोस्टमॉर्टेम झालं. आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. मी लाथ बंद करायची तयारी दाखवली, तर साहेबच नको म्हणाले. लाथेच्या आशेने का होईना, माणसं दवाखान्याची पायरी चढतात. आधी तपासणी, मग लाथ, असा त्यांनी हुकूम काढला. तोंडी हुकूम. कागदावर असा हुकूम कोण काढणार?

तपासणीत काय बघायचं, ते एका पैलवानामुळे शिकलो. ताडकळसकडचा किसन पैलवान पाय ओढत आला. पोटरीवर बिब्ब्याचे सात-आठ चटके. बिब्बा तापवून त्याच्या तेलाचा चटका देणं हा आमच्याकडचा घरोघरचा उपाय, आणि त्याने कातडी अशी उतते की बघवत नाही. पैलवान म्हणाला, "आप्पा, मर्दाचं काळीज हाय. चटके देताना हूं का चूं केलं न्हाई. काई वाटलंच न्हाई बगा."

मी थक्क झालो. साहेबांना कौतुकाने सांगितलं, की असा धीराचा माणूस पाहिला नाही. साहेबांनी पैलवानाला डोळे मिटायला लावून पोटरीला टाचणी टोचली. पैलवान शांत. पावलाला टोचली. तरी शांत. मग साहेब माझ्याकडे वळले. "ये धीरज नहीं है मियाँ. नस सो गई."

त्या दिवसापासून मला तीन प्रश्न पाठ करायला लावले. पायात ठणका घेऊन जो येईल त्याला ते विचारल्याशिवाय सोडायचं नाही. एक, टाच टेकवून चवडा वर उचलता येतो का, चालताना जोडा पायातून आपोआप निसटतो का? दोन, बसायची जागा, मांड्यांचा आतला भाग बधिर झालाय का? तीन, लघवी आणि परसाकडे नीट होते का, की अडते, की नकळत होते? पहिल्याचं उत्तर वाईट आलं तर साहेबांना लगेच दाखवायचं. दुसऱ्या-तिसऱ्याचं वाईट आलं तर हातातलं काम टाकून दाखवायचं. कारण मग कमरेतला सगळा झुबकाच दाबला जात असतो, आणि तिथे दिवस नाही, तास मोजायचे असतात.

पैलवानाची दुसरी-तिसरी उत्तरं चांगली होती. पुढे त्याच्या पायात बरंचसं बळ आलं. कुस्ती मात्र सुटली, आणि धीराचा माणूस म्हणून मी त्याचा बोभाटा करून ठेवला होता तो त्याने शेवटपर्यंत मिरवला.

मी हे प्रश्न सगळ्यांना विचारू लागलो. बाजारकऱ्यांना, गुराख्यांना, एका पोलीस जमादाराला. जमादाराने लघवीचा प्रश्न ऐकून माझा कान धरला होता, तरी मी उत्तर घेतलं. अशा मर्दुमकीचा मला गर्व झाला होता. मग गुरुलिंग स्वामी आले.

आम्ही गळ्यात लिंग धारण करणारे. आमच्यात जंगम हा गुरू. मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात लिंग बांधण्यापासून ते माणूस मातीआड करेपर्यंत सगळं त्यांच्या हातून होतं. स्वामी घरी आले की त्यांना पाटावर बसवून पाय धुवायचे, पूजायचे आणि ते पाणी चरणतीर्थ म्हणून घ्यायचं. गुरुलिंग स्वामी आमच्या घराण्याचे गुरू. माझ्या गळ्यातलं लिंग त्यांनीच बांधलेलं. साठीच्या आतबाहेरचे, सावळे, हसरे. पायात खडावा घालून दहा-बारा गावं पायी फिरायचे. कुठे बारसं, कुठे लग्न, कुठे मयत. ज्या घरी स्वामी वेळेला पोचले नाहीत ते घर खोळंबून बसायचं. त्यांचं सगळं काम पायांवर होतं.

त्या मंगळवारी ते काठी टेकत आमच्या घरी आले. सोबत गंगाधरआप्पा. हे गावातले किराणा दुकानदार आणि आमच्या समाजातले वडीलधारे. मी "शरणार्थ, शरणार्थ" असा आमच्यातला नमस्कार करत धावलो. डाव्या पायातली खडाव स्वामींनी सुतळीने घोट्याला बांधली होती. मी ती पाहिली. मनात म्हटलं, खडावेचा खुंटा झिजला असेल.

"बसलिंगा," माझ्या पाळण्यातल्या नावाने हाक मारत स्वामी म्हणाले, "पंधरा दिस झाले, डावा पाय लय ठणकायलाय. कमरंतून निघतंय ते घोट्यापस्तोर. समदे म्हणायलेत, तुझा पाय लावून घे."

ज्यांचे पाय मी पूजायचे त्यांच्या कमरेवर माझा पाय? मी सरळ नाही म्हणालो. घरात आई रडायला लागली, की घराण्याला पाप लागेल. शेजारपाजारचे जमले. कोणी म्हणालं मधे फळी ठेवा, पाय फळीला लागेल आणि फळी स्वामींना. कोणी म्हणालं घोंगडं टाका. स्वामी स्वतः म्हणाले, "आरं, दुखणं काय गुरूला झालंय? देहाला झालंय. लाव पाय."

तोडगा निघाला तो गंगाधरआप्पांच्या डोक्यातून. "आधी स्वामींचं चरणतीर्थ घ्या. ते बसलिंगाच्या पायावर घाला. मग त्यो पाय त्याचा ऱ्हायलाच न्हाई. स्वामींचं तीर्थ स्वामींनाच लागलं, त्यात पाप कसलं?"

सगळ्यांना हे एकदम पटलं. मलाही पटलं, आणि अजूनही यातली चूक मला तर्काने दाखवता येत नाही.

पाट मांडला. परात आणली. मी स्वामींचा डावा पाय दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर पाणी सोडलं. आईने घाईत चुलीवरचं पाणी दिलं होतं, ते माझ्या बोटांना चांगलंच चटकलं. मी घाबरून वर पाहिलं, तर स्वामींच्या चेहऱ्यावर काही नाही. "गार का गरम, या पायाला उमजतच न्हाई बग अलीकडं," ते म्हणाले. पाऊल माझ्या हातात सैल पडलं होतं, चवडा खाली लोंबत होता. मी त्याला भस्म लावलं, फूल वाहिलं, बेल वाहिला, डोकं टेकवलं.

वाचकहो, रोग माझ्या ओंजळीत होता आणि मी त्याची पूजा करत होतो. पैलवानाचा पाय असता तर मी त्या क्षणी साहेबांकडे पळालो असतो.

तीन प्रश्न मला आठवले नाहीत असं नाही. आठवले. जिभेवर आले. पण घर भरलेलं, आई हात जोडून उभी, आणि मी गुरूला विचारू, की स्वामी, आपली लघवी साफ होते का? बसायची जागा बधिर आहे का? जमादाराने कान धरला तरी न डगमगणारा मी, त्या दिवशी तोंड मिटून राहिलो. स्वामी पालथे पडले. तीर्थाने ओल्या झालेल्या टाचेने मी सात वेळा शिवलो, जेमतेम, पाखराने शिवावं तसा. "बरं वाटायलंय," स्वामी म्हणाले. लोक सुखावले. साहेबांना मी यातलं काही सांगितलं नाही. आधी तपासणी, मग लाथ हा त्यांचा हुकूम मी पहिल्यांदाच मोडला होता.

चार दिवसांनी दुपारी स्वामींच्या पत्नी खिडकीशी आल्या. त्यांना सगळं गाव अक्का म्हणायचं.

"बसलिंगा, स्वामींचं पोट लय फुगलंय. पाणीसुदिक घेईनात. काई पाचक दे."

मी पोटफुगीचं मिक्श्चर केलं, बडीशेपेच्या वासाचं. बाटलीला पट्टी लावली. सहा खाचा, अगदी सारख्या. बाटली त्यांच्या हातात देताना सहज म्हणालो, "जेवणानंतर घ्यायचं, अक्का. आणि पाणी भरपूर प्यायला सांगा."

"पाणी कसं पितील बाबा?" अक्का पदर तोंडाशी नेऊन हळूच म्हणाल्या. "काल सकाळपून लघवीलाच गेले न्हाईत."

बाटली मी त्यांच्या हातून परत घेतली. मी साहेबांकडे धावलो आणि खडावेपासून बेलाच्या पानापर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं. साहेबांनी बॅग उचलली आणि ते चालू लागले. मी मागून पळत होतो.

स्वामी चटईवर कुशीवर पडले होते. घाम आलेला, डोळे खोल गेलेले. साहेब शेजारी मांडी घालून बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि घरातल्या पाच-सहा माणसांसमोर सरळ विचारलं, "स्वामीजी, पेशाब कब हुआ?"

"काल सकाळी. थोडी."

"बैठने की जगह सुन्न है?"

"चार दिवस झाले."

इतकं सोपं होतं. विचारलं आणि उत्तर मिळालं. कोणावर वीज पडली नाही.

साहेबांनी रबरी नळी घालून लघवी काढली तेव्हा स्वामींनी जो श्वास सोडला तो मला अजून ऐकू येतो. मग बैलगाडीत गादी घालून आम्ही त्यांना परभणीच्या स्टेशनावर नेलं आणि हैदराबादच्या गाडीत बसवलं. मी सोबत जायला निघालो. डब्यात चढायच्या आधी साहेबांना म्हणालो, "साहेब, माझ्या लाथेनं झालं हे."

"तेरी लात से मक्खी नहीं मरती," साहेब म्हणाले. "तेरे चुप रहने से हुआ."

जन्मभरात मला कोणी दिलेला हा सगळ्यात खरा शेरा. तो खोडून काढायला मी बरीच वर्षं कारणं शोधली आणि मला एकही सापडलं नाही.

हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात स्वामींच्या कमरेचं ऑपरेशन झालं. तिथल्या सर्जनने मला एवढंच विचारलं, की पाय कधीपासून पडला होता आणि आणायला इतके दिवस का लागले. दोन-अडीच महिन्यांनी स्वामी परतले. लघवी पूर्ववत झाली होती, ठणका गेला होता. पण डावा चवडा उचलला गेला नाही तो नाहीच. पाऊल घासत, काठीवर, आपल्या अंगणापुरते चालायचे. खडावा अक्कांनी माळ्यावर ठेवून दिल्या. गावोगावच्या लोकांनी मिळून एक तट्टू घेऊन दिलं, पण त्यावर चढायला-उतरायला दोन माणसं लागायची. दहा-बारा गावांची चार गावं झाली. लांबच्या गावांत दुसरे स्वामी जाऊ लागले.

मी त्यांच्या घराकडे फिरकेनासा झालो. वाटेत तट्टू दिसलं की गल्लीत वळायचो. शेवटी स्वामींनीच निरोप धाडला. मी गेलो, पायांवर डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडलो. "मी विचारायला पाहिजे होतं, स्वामी. मला ठाऊक होतं आणि मी विचारलं नाही."

"आन मी सांगाया पायजे व्हतं," स्वामी म्हणाले. "तू मला गुरू म्हणून लाजलास, आन मी तुला लेकरू म्हणून लाजलो. माझा पाय दोघांच्या लाजंत गेला, एकट्या तुझ्या न्हाई. ऊठ. ते सवाल काय हायेत, सांग मला."

मी खालमानेने तीन प्रश्न सांगितले. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले आणि मग स्वतः म्हणून दाखवले. तिसरा म्हणताना हसले, पण म्हटला.

मला वाटलं, गुरूंनी शिष्याचं मन राखलं. पण स्वामी तसे सोडणारे नव्हते. तट्टूवरून ज्या चार गावांत जात तिथे लग्न असो, बारसं असो, जेवणावळ असो, कोणी कमरेला हात लावून उठताना दिसला की भर पंगतीत हाक मारायचे. "इकडं ये. पायात उतरायलंय का? चवडा उचल बरं. लघवी नीट हाय का?" बायकांना विचारायला अक्कांना पाठवायचे. सुरुवातीला लोकांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एका व्याह्याने तर ताट सोडलं. पण गुरूच विचारतात म्हटल्यावर सांगणं भाग होतं, आणि हळूहळू लोक न विचारताही सांगू लागले. मला याचा भलताच त्रास झाला. रस्त्यात, देवळात, केस कापून घेताना, माणसं मला आपल्या लघवीची खुशाली देत.

असाच माणिक आला. मोंढ्यात सरकीची पोती वाहणारा हमाल, तिशीचा. पोतं पाठीवर घेताना कमरेत कट्कन झालं होतं, ठणका दोन्ही पायांत उतरला होता. त्याला चौघांनी खाटेवर घालून आणलं. मी पहिला प्रश्न तोंडातून काढण्याआधी तोच बोलला. "आप्पा, लघवी सकाळपून बंद हाय. बसायची जागा बधिर झालीया. डावा चवडा उचलंना. आमी पाय लावून घ्याया तुमच्या घरी यायलो व्हतो, तर वाटंत स्वामी भेटले. त्यांनी तट्टवावरूनच समदं इचारलं आन म्हणले, घराकडं वळू नका, दवाखान्याकडं पळा, थांबला तर माझ्यावानी व्हशील."

साहेबांनी नळी घातली आणि त्याच दिवशीच्या गाडीने आम्ही त्याला हैदराबादला नेलं. तोच सर्जन होता. या खेपेला त्याने मला काही विचारलं नाही.

माणिक दोन महिन्यांनी परतला तो परभणी स्टेशनावर स्वतःच्या पायांनी उतरला. घरी न जाता आधी स्वामींकडे जाऊ म्हणाला, म्हणून मी त्याला घेऊन गेलो. स्वामी ओट्यावर बसले होते, काठी शेजारी टेकवलेली. माणिक पाया पडायला वाकला तर त्यांनी त्याला अडवलं. "पाया मागून पड. आधी अंगणात चालून दाखीव."

माणिक थोडा लाजला. मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेला. टाच टेकत होती, चवडा उचलत होता, पाऊल कुठे घासत नव्हतं. टोकाला जाऊन वळला आणि परत येऊन उभा राहिला. स्वामी त्याच्या पायांकडेच बघत होते. मी स्वामींकडे बघितलं आणि मला बघवेना.

"आणिक एकदा चाल," स्वामी म्हणाले.